स्वामी अमलोरानंद : चर्चमध्ये राहून चर्चशी मतभेद पत्करणारे साधक

वाचकहो, आपण एखाद्या परंपरेवर मनापासून प्रेम करतो. तिनेच आपल्याला घडवलेले असते, तिच्याच उपासनेतून आपल्याला देवाची ओळख झालेली असते. आणि एक दिवस त्या परंपरेतील वरिष्ठ असा निर्णय देतात, जो आपल्या विवेकाला पटत नाही. अशा वेळी आपण काय करावे? मान खाली घालून गप्प बसावे, की सगळे सोडून बाहेर पडावे? बहुतेकांना हे दोनच मार्ग दिसतात. तिसरा मार्ग चालून दाखवणारे एक कॅथलिक धर्मगुरू आपल्या शेजारच्या कर्नाटकात होऊन गेले. त्यांचे नाव फादर डी. एस. अमलोर्पवदास. आयुष्याच्या उत्तरार्धात लोक त्यांना स्वामी अमलोरानंद म्हणून ओळखू लागले. त्यांचा मार्ग ख्रिस्ताचा होता. आपला मार्ग वेगळा असेल, तरी त्यांच्या जीवनातून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

जन्म आणि नाव

अमलोर्पवदास यांचा जन्म १९३२ साली तामिळनाडूतील कल्लेरी या गावी झाला. घराणे कॅथलिक. थोरले बंधू सायमन लूर्दुसामी हेही धर्मगुरू झाले. पुढे ते बेंगळुरूचे आर्चबिशप, नंतर रोममधील उच्चपदस्थ अधिकारी आणि १९८५ मध्ये कार्डिनल झाले. एकाच घरातील दोन भाऊ. एक रोमच्या कारभाराच्या केंद्रस्थानी पोहोचला आणि दुसऱ्याच्या कामावर त्याच रोममधून बंधने आली. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू.

त्यांच्या नावाकडेही जरा पाहा. अमल म्हणजे निर्मळ. त्याला उद्भव आणि दास हे शब्द जोडले की तमिळ उच्चारात अमलोर्पवदास होते. निष्कलंक जन्माच्या मरियमातेचा दास, असा त्याचा अर्थ. तामिळ कॅथलिकांनी आपल्या श्रद्धेला अशी भारतीय नावे फार पूर्वीच दिली होती. आपल्याकडेही फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेही मराठी ओव्यांमध्ये. म्हणजे शब्द भारतीय झाले होते. पण देवळात गेल्यावर गुडघे टेकणे, मेणबत्त्या, झगे आणि लॅटिन मंत्र हे सारे युरोपचेच राहिले होते.

पॅरिसमध्ये पडलेला प्रश्न

१९५९ मध्ये ते धर्मगुरू झाले. काही काळाने उच्च शिक्षणासाठी पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठात गेले. भारत आणि ख्रिस्त यांची भेट कशी होते, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९६४ मध्ये त्यावर त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तो काळ कॅथलिक जगात मोठ्या मंथनाचा होता. १९६२ ते १९६५ या वर्षांत रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. जगभरचे बिशप एकत्र आले. उपासना लोकांच्या भाषेत व्हावी आणि प्रत्येक समाजाच्या चालीरीतींना तिच्यात स्थान मिळावे, अशी दारे परिषदेने उघडली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते चर्च नाकारत नाही, हेही परिषदेने मान्य केले. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा त्यांनी विविध धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना आदराने उच्चारली. असत्याकडून सत्याकडे नेणारी ती प्रार्थना आपल्यापैकी अनेक जण रोज म्हणतात.

अमलोर्पवदास यांनी ही परिषद केवळ वाचली नाही, मनावर घेतली. त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. भारतीय माणूस चर्चच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याने आपले भारतीयत्व चपलांसारखे बाहेर काढून ठेवावे का? की चपला बाहेर काढाव्यात आणि भारतीयत्व आत न्यावे?

बेंगळुरूचे केंद्र

या प्रश्नाला काम मिळाले ते बेंगळुरूमध्ये. १९६७ साली भारतातील बिशपांच्या परिषदेने बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना या तीन विषयांसाठी एक राष्ट्रीय केंद्र तेथे सुरू केले. अमलोर्पवदास त्याचे संस्थापक संचालक झाले आणि १९८२ पर्यंत त्यांनी ते चालवले. देशभरातील धर्मगुरू, भगिनी आणि सामान्य श्रावक तेथे शिबिरांना येऊ लागले. केंद्राच्या प्रार्थनागृहाला त्यांनी भारतीय रूप दिले. चित्रकार ज्योती साही यांच्या कलेतून तेथे ख्रिस्त भारतीय प्रतीकांमध्ये प्रकट झाला.

मे १९६९ मध्ये आजचे भारतीय चर्च या विषयावर बेंगळुरूला अखिल भारतीय परिसंवाद झाला. बिशप, धर्मगुरू, भगिनी आणि संसारी माणसे शेकडोंच्या संख्येने एकत्र बसली. त्यामागे अमलोर्पवदास यांची दीर्घ तयारी होती. बिशपांनी ठरवावे आणि लोकांनी पाळावे, या रीतीची सवय असलेल्या समाजात सर्वांनी मिळून विचार करणे हेच मोठे नवल होते.

बारा गोष्टी

त्याच्या थोडे आधी, २५ एप्रिल १९६९ रोजी, रोमने भारतासाठी उपासनेतील बारा बदलांना मान्यता दिली होती. त्या वेळी आर्चबिशप लूर्दुसामी भारतीय उपासना आयोगाची धुरा सांभाळत होते. म्हणजे दोघे भाऊ एकाच दिशेने चालत होते.

हे बदल कोणते होते? आपल्याला ते वाचून आश्चर्य वाटेल, कारण आपल्यासाठी ते अगदी घरचे आहेत. मिस्सेच्या वेळी जमिनीवर मांडी घालून बसता येईल आणि पादत्राणे बाहेर काढता येतील. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून, कमरेत वाकून वंदन करता येईल. प्रायश्चित्ताच्या प्रार्थनेच्या वेळी पंचांग प्रणाम करता येईल. वेदीचे चुंबन घेण्याऐवजी तिला हाताने स्पर्श करून तो हात कपाळाला लावता येईल. धर्मगुरूला साधे वस्त्र आणि खांद्यावर शाल पुरेल. मेणबत्त्यांच्या जागी तेलाचे दिवे, वेदीवरील कापडाच्या जागी ताट, साखळीच्या धूपपात्राच्या जागी साधे धूपपात्र चालेल. आणि फुले, धूप व दीप यांनी आरती करता येईल.

हे बदल सक्तीचे नव्हते. ज्या बिशपांना योग्य वाटेल त्यांनी आपल्या प्रांतात ते आणावेत, इतकीच मुभा होती. अमलोर्पवदास यांनी बेंगळुरूच्या केंद्रात ते मनापासून राबवले. त्यांच्या दृष्टीने ही सजावट नव्हती. शरीर ज्या रीतीने नम्र व्हायला शिकले आहे, त्या रीतीने वंदन केले तरच मन वाकते, हे त्यांनी ओळखले होते. मांडी घालून बसलेला माणूस आपोआप आत वळतो. आपण साधक आहोत, आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

विरोधाची सुरुवात

पण विरोध आला आणि तो घरातूनच आला. अनेक कॅथलिक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जुनी उपासना प्राणपणाने जपली होती. त्या उपासनेतच त्यांचे वडीलधारे जगले आणि मेले होते. त्यांना वाटले, आता आपल्याच चर्चमध्ये आपण परके होणार. आरती आणि ओंकार म्हणजे धर्म बुडाला, असे काहींनी जाहीरपणे म्हटले. मद्रासमधून या बदलांविरुद्ध पुस्तकही निघाले. बिशपांमध्येही दोन तट पडले.

या विरोधकांना आपण केवळ हटवादी समजू नये. ज्याची पूजा हातातून निसटते आहे असे वाटते, त्याची वेदना खरी असते. मात्र अमलोर्पवदास यांचा प्रश्नही खरा होता. जी पूजा ही माणसे आपली म्हणून जपत होती, तीसुद्धा कधी काळी दुसऱ्या देशाच्या मातीतूनच आली होती.

रोममधील शरद ऋतू

सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये रोमला जगभरातील बिशपांची महासभा भरली. विषय होता धर्मप्रसार. सभेच्या दोन विशेष सचिवांपैकी एक इटलीचे जेझुइट डोमेनिको ग्रासो होते आणि दुसरे अमलोर्पवदास. एका भारतीय धर्मगुरूला मिळालेला हा मोठा मान होता. तेथेच त्यांचा मतभेद उघड झाला.

ग्रासो यांची मांडणी सिद्धांतापासून सुरू होत असे. आधी शाश्वत तत्त्व, मग ते सर्व देशांना लागू. अमलोर्पवदास यांना उलट दिशा योग्य वाटत होती. आधी आशियातील, आफ्रिकेतील आणि लॅटिन अमेरिकेतील माणसांचे जगणे, त्यांचे दारिद्र्य, त्यांचे शेजारी धर्म पाहावे. देव तेथे काय करतो आहे ते ऐकावे आणि मग बोलावे. दोन्ही मांडण्यांचा मेळ बसेना. महासभेपुढे आलेल्या अंतिम मसुद्याचा बराचसा भाग बिशपांनी नाकारला. शेवटी एक छोटे निवेदन काढून सभा संपली. पुढच्या वर्षी, ८ डिसेंबर १९७५ रोजी, पोप सहावे पॉल यांनी त्या विषयावर स्वतःचे पत्र प्रसिद्ध केले. त्यात स्थानिक चर्चच्या स्वतंत्र अनुभवाला जागा होती आणि मुक्ती व न्याय यांचाही विचार होता.

रोमहून परतल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमलोर्पवदास यांनी बेंगळुरूला आणखी एक संशोधन परिसंवाद घेतला. विषय अधिकच नाजूक होता. वेद, उपनिषदे, गीता, कुराण, बौद्ध ग्रंथ यांच्यातही देवाची प्रेरणा आहे का? असेल, तर ख्रिस्ती उपासनेत बायबलच्या जोडीने त्यांचे वाचन करता येईल का? अभ्यासकांनी सादर केलेले निबंध पुढे त्यांच्या संपादनाखाली मोठ्या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. केंद्रात तयार झालेल्या भारतीय मिस्सा-प्रार्थनेचा प्रश्नही तेव्हा चर्चेत होता आणि त्यावर बिशपांचे एकमत होत नव्हते.

दार बंद झाले

जून १९७५ मध्ये रोमच्या उपासना विभागाचे प्रमुख कार्डिनल जेम्स नॉक्स यांचे पत्र भारतातील बिशपांना आले. मिस्सेत बायबलखेरीज इतर धर्मग्रंथांचे वाचन करू नये आणि भारतीय मिस्सा-प्रार्थना वापरू नये, असा त्याचा आशय होता. बारा बदल टिकले. त्यापुढचा रस्ता बंद झाला.

थोडा विचार करा. आठ वर्षांचे काम, देशभर घेतलेली शिबिरे, रोमच्याच परिषदेने दिलेली प्रेरणा, आणि त्यावर आलेले हे पत्र. त्या वेळी थोरले बंधू रोममध्ये उच्च पदावर होते. अमलोर्पवदास यांच्या जागी आपण असतो, तर काय केले असते? राग, उपहास, संस्थेविरुद्ध मोहीम, नाहीतर कडवटपणे घेतलेली निवृत्ती. मनात यातले काहीतरी नक्कीच उमटले असते.

त्यांनी चर्च सोडले नाही. आपले म्हणणेही सोडले नाही. केंद्र चालू राहिले, शिबिरे चालू राहिली, परिसंवाद चालू राहिले. जेथे परवानगी होती तेथे आरती होत राहिली. जे मिस्सेच्या विधीत वाचता येत नव्हते, त्याचा अभ्यास आणि चिंतन करायला कोणाची बंदी नव्हती. आणि हळूहळू त्यांचे लक्ष विधीकडून साधनेकडे वळले. विधीचा मसुदा मंजूर करणे किंवा नाकारणे दुसऱ्याच्या हातात असते. साधनेला मात्र कोणाच्या सहीची गरज नसते.

चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी

१९७९ मध्ये म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या अध्यासनाची उभारणी त्यांच्या हातून झाली. ख्रिस्ती धर्माचा अभ्यास आता केवळ धर्मगुरूंच्या विद्यालयापुरता न राहता, सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांसमोर खुल्या विद्यापीठात आला. त्याच सुमारास चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी अंजली आश्रम सुरू केला. अंजली म्हणजे जोडलेली ओंजळ. तिच्यात मागणेही आहे आणि अर्पणही.

आश्रमात साधेपणा, मौन, ध्यान आणि सामुदायिक प्रार्थना यांचे जीवन होते. येणाऱ्याचा धर्म विचारला जात नसे. धर्मगुरू, भगिनी, गृहस्थ, परदेशी साधक, सर्व जण तेथे काही दिवस राहून अंतर्मुख होण्याचा अभ्यास करत. संमेलने भरवणारे, रोमच्या सभेत मसुदे मांडणारे विद्वान आता स्वामी अमलोरानंद झाले होते.

तीन बाजूंची टीका

या मार्गावर टीका फक्त सनातनी कॅथलिकांनी केली, असे नाही. हिंदू समाजातील काहींना ख्रिस्ती आश्रमांविषयी शंका होती. काषाय वस्त्र, ओंकार आणि आरती ही धर्मांतरासाठी घेतलेली रूपे तर नाहीत ना, असे त्यांनी विचारले. सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये कॅथलिक आश्रमांवर टीकात्मक पुस्तकच प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या पवित्र प्रतीकाला हात लावताना किती आदर आणि किती प्रामाणिकपणा हवा, याची आठवण या प्रश्नाने दिली. तो प्रश्न टाळून चालणार नाही.

तिसरी टीका त्याहून जिव्हारी लागणारी होती. भारतीय म्हणजे केवळ संस्कृत, वेद आणि आश्रम का? ख्रिस्ती समाजात मोठ्या संख्येने असलेल्या दलित आणि आदिवासी माणसांची संस्कृती कोठे गेली? ज्या परंपरेने त्यांना मंदिराबाहेर ठेवले, तिचीच प्रतीके चर्चमध्ये आणायची का? १९८१ मध्ये याच बेंगळुरूत प्रॉटेस्टंट धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या दृष्टीतून ईश्वरविचार मांडण्याची हाक दिली आणि पुढे ते दलित ख्रिस्ती विचाराचे प्रवर्तक ठरले. अमलोर्पवदास या प्रश्नाकडे पाठ फिरवून बसले नव्हते. नव्या समाजासाठीच्या संघर्षात भारतीय चर्चचे स्थान कोणते, या विषयावरचा मोठा ग्रंथ त्यांनी १९८१ मध्येच संपादित केला. तरीही ही टीका पूर्णपणे मिटली, असे म्हणता येणार नाही. थोर माणसाच्या कार्यालाही मर्यादा असते आणि ती सांगितल्याने त्याचे थोरपण कमी होत नाही.

अखेर

२५ मे १९९० रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वयाची साठीही पूर्ण झाली नव्हती. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८८ मध्ये, रोमने आफ्रिकेतील झैर या देशाला त्याच्या स्वतःच्या चालीची मिस्सा मान्य केली होती. तिच्यात पूर्वजांचे स्मरण आहे, ताल आहे, नृत्य आहे. जे भारतासाठी १९७५ मध्ये थांबले, ते दुसऱ्या खंडात फळाला आले. भारताच्या वाट्याला आलेले बारा बदल मात्र कायम आहेत. आजही अनेक चर्चमध्ये सणाच्या दिवशी समई लागते, आरती होते, लोक चपला काढून आत येतात. त्यांतल्या बहुतेकांना अमलोर्पवदास हे नाव ठाऊक नसते.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, आपणही एखाद्या संस्थेत, मंडळात, कुटुंबात सेवा करतो. कधी ना कधी आपल्या मनाला न पटणारा निर्णय वरून येतोच. अशा वेळी या जीवनाकडे पाहून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

माझा मतभेद तत्त्वासाठी आहे, की माझे म्हणणे मान्य झाले नाही म्हणून? अमलोर्पवदास यांनी आपला प्रश्न अभ्यासाने, ग्रंथांनी आणि खुल्या चर्चेने मांडला.

जे बंद झाले त्याकडे पाहत बसलो आहे, की जे अजून खुले आहे तेथे काम करतो आहे? मिस्सेतील वाचन थांबले, तेव्हा ध्यान, अध्ययन आणि सत्संग खुले होते.

माझी साधना वरिष्ठांच्या मान्यतेवर अवलंबून आहे का? असेल, तर ती मान्यता गेल्यावर साधनाही जाईल. नसेल, तर कोणत्याही पत्राने ती थांबणार नाही.

विरोध करताना प्रेम टिकवणे अवघड असते. प्रेम टिकवताना सत्य बोलत राहणे त्याहून अवघड असते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच आयुष्यात केल्या आणि त्या आपल्या शेजारच्या प्रांतात केल्या. म्हैसूरला जाण्याचा योग आला, तर चामुंडीच्या दर्शनाबरोबर टेकडीच्या पायथ्याच्या त्या आश्रमाचेही स्मरण करावे. आणि पुढच्या वेळी मतभेदाने मन तापले, की आधी शांत मांडी घालून बसावे, हात जोडावेत आणि मगच बोलावे.